पन्नास मिनिटांची मुंबई

विमानाचा विषय निघालाच आहे तर आमच्या मामांचं ऐका. त्यांचा जन्म मेंढरं राखण्यात गेला. औरंगाबादहून मुंबईला पन्नास मिनिटं लागतात, असं सांगून मीच त्यांना माझ्यासोबत विमानात बसवलं होतं. सव्वा तास झाला तरी विमान उतरेना. खिडकीतून बघत मामा म्हणाले, “ही खाडी तिसऱ्यांदा आली.”

मी घाबरून विचारलं, “मामा, चाकं निघंनात का काय?”

“नाय रं. पाणवठ्यावर पुढचा कळप असला, की आपला जरा फिरवीत ठेवावा लागतो.”

तेवढ्यात वैमानिकानं सांगितलं, धावपट्टी अजून मोकळी नाही.

मी श्वास सोडला.

मामा म्हणाले, “आता माझा हातबी सोड. लई मुंग्या आल्यात.”