सूनबाईंचं आभाराचं भाषण

"विद्यापीठातल्या अध्यासनाचा मान मिळवला बाईंनी, नि भाषणात सगळं श्रेय देणारेत विभागप्रमुखांना! काय म्हणावं या वागण्याला?"

"ते तर अकरा वर्षांत हस्तलिखितांच्या खोलीकडे फिरकलेसुद्धा नाहीत!"

"तरी बाई अजून त्यांनाच घाबरतात."

चहाच्या रांगेत या दोन प्राध्यापिकांच्या पुढेच बाईंच्या सासूबाई उभ्या होत्या. चहा न घेताच त्या तरातरा सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या सुनेपाशी गेल्या.

"भाषण वाच बघू."

"आई, आत्ता?"

"आत्ताच."

सुनेनं हळूच वाचून दाखवलं.

"यात तू कुठंयस गं? अकरा वर्षं डोळे फोडून घेतलेस, ते मी पाहिलंय. कागद पर्समध्ये टाक आणि 'काम मी केलं' असं ठणकावून सांग. साहेबांचे आभार मी मानते. मला चांगले जमतात!"