टाकीपाशी घेतलेला नमुना

आदरणीय अध्यक्ष रंगनाथजी, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे मुख्य अभियंते आनंदरावकाका, सुमित्राकाकू आणि जयपूरच्या मालवीय नगरातल्या या सभागृहात जमलेली आपली मंडळी, सर्वांना नमस्कार. मी स्वानंदी, पाणी तपासणी विभागातली. सोमवारी काकांचं सूरजखेडलीचं काम माझ्याकडे येतंय. भाषणाची सवय नाही, म्हणून घडलं ते क्रमाने सांगते.

एक. सूरजखेडली गावाला आपली कंपनी संस्थापक माधवरावांच्या काळापासून पाणी पुरवते.

दोन. तिथे नवी पाइपलाइन टाकल्यावर, टाकीत न येता थेट वस्तीत जाणारी नाल्याकाठची जुनी लाइन तोडली, असं आपण गावाला जाहीर सभेत सांगितलं.

तीन. गेल्या आठवड्यात मी टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. गावातले नळ थांबले. नाल्याकाठच्या वस्तीतले वाहत राहिले.

मग ते पाणी कुठून येत होतं?

आपली एक रीत आहे. नमुना टाकीखालच्या नळाचा घ्यायचा, तिथेच चहा प्यायचा, औषधाचे थेंब टाकून पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन आहे, की जयपूरला परतायचं. माधवरावांच्या वेळी गावाला तेवढा एकच नळ होता. तेव्हा ही रीत बरोबरच होती. मी मात्र वस्तीतल्या नळाचं पाणी घेतलं. त्याला रंग आला नाही. ज्यांच्या दारात मी उभी होते त्या बाई म्हणाल्या, "पानी तो आता है जी, बच्चों को नहीं पिलाते." मग पाजता काय, हे विचारल्यावर त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीचा मुलगा दवाखान्यातून नुकताच घरी आला होता.

मी काकांकडे गेले. त्यांनी मला हे काम शिकवलं, माझ्या चुका साहेबांपुढे स्वतःवर घेतल्या; ते ऋण मी मानते. माझं ऐकून ते हसले. "बेटा, टाकीपाशी नळ कशाला बसवलाय? गल्लोगल्ली बाटल्या घेऊन फिरायला तू दूधवाली आहेस का?"

हसा, हरकत नाही. मीही हसले होते. नंतर विचारलं, जुनी लाइन तोडताना तुम्ही पाहिलीत का? काकांनी जेवणाच्या मेन्यूचा विषय काढला. रंगनाथजी, तुमच्या ऑफिसातून निरोप आला, समारंभ होऊ दे, मग बघू. तोडलेल्या लाइनबद्दल बोलायला समारंभ उरकण्याची वाट का पाहावी लागते?

मी कुणावर आरोप करत नाही. मला माहीत नाही, एवढंच मला माहीत आहे.

काकांना निरोगी, निवांत आयुष्य लाभो. बोलू दिलंत, आभारी आहे. प्रसंगाला न शोभणारं काही बोलले असेन, तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

रंगनाथजी, जुनी लाइन आजही जोडलेली आहे का, याचं उत्तर कृपया येत्या शुक्रवारपर्यंत लेखी द्यावं. ते मिळेपर्यंत, वस्तीने नळाचं पाणी पिऊ नये, असं मी उद्या सकाळी तिथे जाऊन सांगणार आहे.