ओटा रिकामा झाला की

मुरबाडच्या पेठेतलं आमचं कापडाचं दुकान तुमी बघितलंय ना? पुढे दगडी ओटा, त्यावर सागवानी खांब. तो ओटा मी फोडणारच होतो. पुढे काच लावून दुकान नवं करायचं डोक्यात घेतलं होतं. गवंडी घण घेऊन सकाळीच हजर झाला. ओट्यावर दामूकाका नेहमीसारखे पेपर वाचत बसलेले.

"काका, उठा. ओटा फोडायचाय."

"फोड की रे. एवढं पान होऊ दे."

पान झालं, तर शेजारचे आबा येऊन टेकले. मीच सवयीनं दोघांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत आणखी दोघं आले. आता वडीलधाऱ्यांना हाताला धरून उठवायचं कसं? दुपारी गवंडी वैतागला. "शेट, ओटा रिकामा झाला की फोन करा," म्हणाला नि गेला. तो अजून फोनची वाट बघतोय.

परवा मुंबईहून जुन्या इमारतींचा अभ्यास करणारी पोरं आली. फोटो काढून झाल्यावर एकीनं मला विचारलं, "आजूबाजूला सगळं नवीन झालं, तुम्ही हा ओटा कसा काय जपलात?"

मी छाती फुगवून बोलणार, तेवढ्यात दामूकाका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हा कसला जपतोय? आमी उठलो नाय, म्हणून राहिलाय."