जळलेली डबी

(पोशीर, १९८७. मोतीबाईच्या घरची ओटी. संध्याकाळ.)

मोतीबाई : काल बाजारात गावातल्या चिंधीनं मला अडवून सांगितलं, नागू. कंपनीत माझ्या पोरीच्या, जयाच्या यंत्रातून धूर आला म्हणं. ते तू खोटं म्हणतोस?

नागू : धूर आला, मोतीकाकी. पण यंत्रातून नाय. यंत्राच्या अलीकडं तिनं डब्या बसवल्यात, त्यातली एक जळली. ती जळली म्हणून यंत्र वाचलं. जयानं तुमाला कायच सांगितलं नाय?

मोतीबाई : पंप बिघडला, एवढंच बोलली.

नागू : मग पयल्यापासून सांगतो. आमच्या कंपनीत रिअॅक्टर हायेत, म्हंजे मोठाली बंद भांडी, आत माल शिजतो. किती तापलं ते बघाया मी जिने चढून काटे वाचायचो. मग हा नवा डेटा लॉगर आला. परत्येक भांड्यावरनं एक वायर कंट्रोल रूममधे येते. भांडं तापंल तसं वायरीतलं बारीकसं व्होल्टेज वाढतं, लॉगर ते मोजतो आन् आकडा छापतो. त्या वायरी जोडायचं काम जयाकडं.

मोतीबाई : हां, वायरी जोडते असं सांगायची.

नागू : जोडल्या, पण मोठी मोटर चालू झाली का आकडे उड्या मारायचे. एकदा भांडं गार, न् आकडा भलताच वर. मी घाबरून पाणी सोडलं, सगळा माल वाया गेला. सायेब म्हणाले, यंत्र भिकार हाय, परत पाठवा. जया म्हणाली, थांबा. मोटर बंद करून बघ, चालू करून बघ, एकेक वायर सोडवून बघ, असं करत बसली. शेवटी सापडलं. मोटरीकडचं अर्थिंग, म्हंजे जमिनीला जोडलेली तार, वेगळं, कंट्रोल रूममधलं वेगळं, आन् आमच्या वायरी दोन्हीकडं जमिनीला जोडलेल्या. मग नको तो करंट वाट मिळाली म्हणून त्या बारीक वायरीतनं धावायचा, खऱ्या आकड्यात मिसळायचा.

मोतीबाई : गं बाई, मग रं?

नागू : मग वायरींवर तारेची जाळी असते, ती तिनं एकाच टोकाला जमिनीला जोडली. आन् परत्येक वायरीला एक डबी मागितली, आयसोलेटर म्हणतात. तिच्यात येणारी तार न् जाणारी तार एकमेकीला टेकतच नाय. आकडा पलीकडं पोचतो, करंट नाय पोचत.

मोतीबाई : कुडापलीकडनं निरोप दिल्यावानी. निरोप घरात, माणूस भायेर.

नागू : तसंच. पण डब्या आल्या निम्म्याच, न् सायबांना घाई. म्हणाले, बाकीच्या वायरी थेट जोड, थोडे आकडे उडाले तर उडू देत. तर जया त्यांच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, “साहेब, एक जरी थेट जोडली तरी तिच्यातून जे येईल ते सगळ्यांत शिरेल. डबी नसलेली वायर मी जोडणार नाही.”

मोतीबाई : सायबाला बोलली असं?

नागू : सायबाला. आवाज नाय चढवला. ते लई भडकले, पण त्या वायरींना हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. राहिलेल्या भांड्यांसाठी आमाला परत जिने आले. आमी कुरकुरलो, तर दुसऱ्या दिवसापासनं ती पण आमच्यासंगं चढाया लागली.

मोतीबाई : म्हणून पाय दुखतात म्हणायची.

नागू : परवा दुपारी भांडी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची केबल घासून उघडी पडली, न् तिथल्याच आमच्या वायरीला टेकली. मोटरीचा सगळा झटका त्या वायरीतनं आत आला. डबी फटकन जळली. पंप पण बंद. बघतो तर एकच आकडा गेलेला, बाकीचे सगळे जागेवर. आन् मोठ्या भांड्याचा आकडा वर वर चढतोय. मागं एकदा फसलेलो, म्हणून जयाला विचारलं, हा खरा का उडालेला? तिनं माझ्याकडं बघितलं पण नाय. म्हणाली, “खरा आहे, नागूदादा. वरची टाकी उघडा.” टाकीचं पाणी सोडलं. आकडा थांबला, मग हळूहळू उतरला.

मोतीबाई : आन् सोडलं नसतं तर?

नागू : भांडं फुटलं असतं. खाली ड्रम भरायला आपल्या गावच्या बाया होत्या, काकी. माझी बायको हिरू होती.

मोतीबाई : बरी हाय ना रं हिरू?

नागू : घरी भाकऱ्या करतेय. तिनंच धाडलं मला, काकीला नीट सांगून या म्हणाली. आज सायबांनी पण जयाला बोलावून घेतलं. राहिलेल्या डब्या तू सांगशील तशा मागवतो म्हणाले.

मोतीबाई : काल ती ताटावर बसलेली, न् चिंधीचं ऐकून मी तिला नको नको ते बोलले. यंत्र जाळलंस, सोड ती नोकरी, मामानं आणलेलं स्थळ बघू. ती आपली जेवत राहिली.

नागू : मग काय म्हणाली?

मोतीबाई : “आई, सकाळी लवकर जायचंय, नवी डबी बसवायचीय.” एवढंच.

नागू : बसवली आज, सायबांनी कालच एक तातडीनं मागवलेली. मी बॅटरी धरून उभा होतो.

मोतीबाई : उद्या तू कामावर जाशील तवा मला घेऊन चल.

नागू : काकी, आत नाय सोडत कुणाला.

मोतीबाई : आत कशाला? सांजपर्यंत गेटावर उभी राहीन. ती कामावरून भायेर येते ती बघीन.