उलुरुचा तोच दगड, दुसऱ्यांदा

बाळ्या, तुझा चहा घे आणि फोन ठेवू नकोस. ह्या गोष्टीचा शेवट ओळखून दाखव. नाहीच जमणार तुला.

ऑस्ट्रेलियात वाळवंटात तो भला मोठा लाल दगड आहे ना, उलुरु, तो आम्ही आधी एकदा बघितलेला. पण तेव्हा आमच्या सुमनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला सगळं भुरकटच दिसलं. मग इथं ब्रिस्टलला हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि बाई हट्टालाच पेटली. परत जायचं.

मी म्हणलं, "अगं, तोच दगड. हललाय का तो?"

"दगड तोच आहे हो. डोळे नवीन आहेत."

मी आपलं चिडवायला म्हणलं, "बरं, वर्थ इट वाटलं तर तू सांगशील ते करीन."

गेलो. सूर्य उतरला तसा दगड आधी केशरी झाला, मग निखाऱ्यासारखा लाल. हिच्या डोळ्यांतनं पाणी. म्हणली, "त्या डॉक्टरणीचं देव भलं करो. आणि तुमचंही, आणलंत मला." खरंच रे. ती डॉक्टरीण नसती तर हिला हे कधी दिसलंच नसतं.

मग माझ्याकडं वळली आणि बघतच राहिली.

"अहो, ही मिशी कधीपासून अशी आहे?"

"कशी?"

"दगडासारखी लाल."

किती वर्षं मेंदी लावतोय मी, मोतीबिंदूमुळं हिला काळीच दिसायची; ऑपरेशननंतरही ब्रिस्टलच्या ढगाळ उजेडात कळलं नव्हतं, त्या उन्हात कळलं. आणि तुम्ही दोस्त लोक, एकानं तोंड उघडलं नाही.

शब्द दिला होता. हॉटेलात गेल्यावर तिनं रेझर हातात ठेवला, आणि लग्नाच्या आधीपासूनची मिशी बेसिनमध्ये गेली.