वाट नसलेला चौकोन

नात : पुन्हा थाप मारताय, आजोबा. हा बाण मी काढणार नाही.

आजोबा : थाप कुठली? देवमाशाच्या पोटात बसून मी दाढी केली, ती थाप होती. हे खरं आहे.

नात : मग नीट सांगा. हे बघा, चौकोन म्हणजे आजीची अवस्था. बाण म्हणजे काय घडलं की ती एका चौकोनातून दुसऱ्यात जाते. घटना सांगता आली नाही तर बाण नाही. आमच्या कॉलेजातल्या मॅडमचा दंडकच आहे, आधी चित्र, मग प्रोग्रॅम.

आजोबा : कडक दिसतात मॅडम. घरी नवरा आहे ना त्यांना? बिचारा.

नात : आजोबा.

आजोबा : बरं बाई, विचार.

नात : आजीच्या उशाशी मी बनवतेय ते बोलणारं यंत्र ठेवायचंय, ते कधी काय बोलणार हे यावरून ठरतं. पहिला चौकोन, 'झोपलेली'. जाग आली की 'गोंधळलेली'. तिथे ती काय विचारते?

आजोबा : "तुम्ही कोण?"

नात : आणि तुम्ही सांगता, मी तुझा नवरा.

आजोबा : सांगायचो. ती अंग चोरून भिंतीला चिकटायची. परका माणूस खोलीत शिरून नवरा म्हणवतो, दुसरं काय करणार? तेव्हापासून मी कधी नळ दुरुस्त करणारा असतो, कधी बोटीचा कप्तान. कप्तानाला ती खुर्ची देते.

नात : म्हणजे 'गोंधळलेली'तून 'निवांत'. घटना, थाप ऐकली.

आजोबा : लिही, लिही. जन्मभर ज्या थापांपायी तिची बोलणी खाल्ली, त्याच म्हातारपणी कामाला आल्या.

नात : आता हा कोपऱ्यातला चौकोन. तुम्ही हट्टाने घालायला लावलेला. 'ओळखलं'. इथे ती कशाने येते?

आजोबा : मी खोकलो की.

नात : काल खोकलात. मी तिथेच होते.

आजोबा : तो निराळा खोकला. माझा जुना निळा सदरा दिसला की येते.

नात : तो बघून तिने विचारलं, कुणाचा उचलून आणलात.

आजोबा : अगं, एकदा नाव घेतलं होतं माझं. स्पष्ट.

नात : कधी?

आजोबा : तुला कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या सुमारास.

नात : मी आता शेवटच्या वर्षाला आहे, आजोबा.

आजोबा : हो का? दिवस कसे पळतात.

नात : ही कॉम्प्युटरवरची लाल अक्षरं बघा. 'या अवस्थेपर्यंत वाट नाही.' चौकोन काढून टाका म्हणतंय.

आजोबा : म्हणू दे. त्याच्या बापाचं काय जातंय?

नात : खोटा बाण काढला तर यंत्र भलत्या वेळी तिला सांगून बसेल, 'हा तुमचा नवरा'. आणि तुम्ही किंवा मी जवळ नसलो तर?

आजोबा : पुन्हा भिंतीला चिकटेल.

नात : हं.

आजोबा : मग पूस. नाही, थांब. कडेला सरकव. बाण नको, काही नको. नुसता असू दे.

नात : तुम्ही रडताय.

आजोबा : छे. चष्मा जुना झाला की पाणी धरतो.

(आतल्या खोलीत काठी आपटल्याचा आवाज.)

आजी : कोण बोलतंय तिकडे?

आजोबा : मी घड्याळं दुरुस्त करतो, बाई. तुमचं भिंतीवरचं मागे पडलंय.

आजी : या, आत या. खुर्ची घ्या. आमचे हे येतीलच इतक्यात. त्यांना भेटल्याशिवाय जाऊ नका हं. फार गप्पिष्ट माणूस. देवमाशाच्या पोटात दाढी केली म्हणून सांगतात, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

नात : आजोबा, हा बाण कुठून कुठे काढू?

आजोबा : नको काढूस. चुकेल.

आजी : काय म्हणालात? थांबताय ना?

आजोबा : थांबतो की. मलाही त्यांना भेटायचंच होतं.