चिमट्यात घालायची राहिलेली कडी

जबाब देणार : ‘काटकोनकाका’ या नावाने परिचित. वय ६३ वर्षे. धंदा : माणसाच्या मापाने पोलादी सायकली बनवणे, त्याआधी एकोणतीस वर्षे बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर. राहणार : बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागची दुमजली इमारत, खाली कामाची खोली, वर घर. वार गुरुवार, वेळ सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे.

आज आपण होऊन ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. काल सायंकाळी सहा वाजता या ठाण्यात ज्या हिरव्या सायकलीच्या चोरीची तक्रार दाखल झाली, ती सायकल मी बनवलेली आहे आणि ती मीच नेली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातली आधी कोणती लिहू, असे हवालदारसाहेबांनी विचारले. बनवली ते आधी लिहा, असे मी सांगितले, कारण ते आधी घडले.

तक्रारदार बाई जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढतात. मी त्यांना ताई म्हणतो, म्हणून पुढे तसेच लिहावे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. पाय सावरला, हात पुरता सावरला नाही. तो खांद्यातून उचलतो, हँडलवर ठेवता येतो, पण बोटे ब्रेक दाबत नाहीत. त्याआधी दर रविवारी त्या खिंडीपलीकडे सायकलने जाऊन येत असत. आठ महिन्यांपूर्वी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी स्वतः काढलेला सायकलीचा आराखडा सोबत होता. तो माझ्या आराखड्यांपेक्षा चांगला होता आणि त्याचा मला राग आला होता, हे सांगण्यास हरकत नाही.

त्यांच्या घरी सायकलीला सगळ्यांचा नकार होता. त्यांचे मिस्टर पहिल्या दिवशी सोबत आले होते. खोलीच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. ते म्हणाले, “घरात उभी करून पाय मारायची मशीन मिळते. ती घे म्हणतोय मी. पडायची भीती नाही.” ताई म्हणाल्या, “मग बाहेरचं काय दिसणार मला? भिंत?” मी माप घ्यायला फीत काढली.

कोणता भाग कसा निवडला हे साहेबांनी थोडक्यात सांगा म्हटले, म्हणून थोडक्यात सांगतो. नळ्या पोलादाच्या, टोकांना जाड आणि मधे पातळ, म्हणजे वजन कमी राहून जोडाला ताकद राहते. पोलादच का, असे ताईंनी विचारले होते. मी म्हणालो, “पोलाद मोडायच्या आधी सांगतं. करकरतं, वाकतं. दगा देत नाही.” दोन्ही ब्रेक उजव्या हाताच्या एकाच लिव्हरवर घेतले. गिअरही उजवीकडे, हँडलच्या टोकाला. पेडलपाशी दातेरी चकती एकच, कारण दोन असल्या तर त्या बदलायला दुसरा हात लागतो. हँडलच्या डाव्या बाजूला पट्टी दुहेरी गुंडाळली, म्हणजे न मिटणाऱ्या तळव्याला आधार मिळतो. सीट चार बदलल्या. टायरवरून आमचे आठ दिवस बोलणे बंद होते. मी पंचवीस मिलिमीटरच्या खाली-वर जात नाही आणि त्यांना बत्तीसचे हवे होते. “काका, तुमच्या काळात रस्ते लोण्याचे होते का?” असे त्या म्हणाल्या. बत्तीसचे बसवले. त्यांचे बरोबर होते.

आता चुकीबद्दल सांगतो. पुढचे चाक ज्या दोन दांड्यांत बसते त्याला आम्ही चिमटा म्हणतो. हे दोन दांडे वर एका माथ्यात घुसतात. तिथे जोड द्यायचा तर मी चांदीमिश्रित तारेची कडी कापून आधीच आत बसवतो, मग दांडा घुसवतो, मग तापवतो. कडी आत वितळते आणि जोडभर पसरते. सगळ्या सायकलीच्या कड्या मी एकदमच कापून ताटलीत ठेवतो. ताटली रिकामी झाली की काम पुरे झाले, अशी माझी पद्धत आहे. बारा वर्षांत ताटलीने मला फसवलेले नाही.

चिमट्याचे काम चालू होते त्या दिवशी दुपारी ताई कचेरीतून परस्पर आल्या. चिमट्याच्या डाव्या दांड्याला लागणारी कडी तेव्हा माझ्या हातात होती. त्या म्हणाल्या, “काका, हे बघा.” त्यांनी डावा हात माझ्या बाकावर ठेवला आणि करंगळी वाकवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. एकदा वाकवली, मग पुन्हा वाकवली, खरी आहे का बघायला. मी कडी एप्रनच्या खिशात टाकली आणि पत्नीला हाक मारली. आम्ही तिघांनी चहा घेतला. त्या गेल्यावर मी दांडा घुसवला आणि तापवला. कडेला चांदीची चमक दिसली, पण ती किनार साफ करण्यासाठी मी बाहेरून टेकवलेल्या तारेची होती. ताटली रिकामी होती. मी फार खुशीत होतो.

सायकल महिन्यापूर्वी दिली. ताई ती घर ते कचेरी, सपाट रस्त्यावरून तीन किलोमीटर, रोज चालवत आहेत. येत्या रविवारी त्या आजारानंतर प्रथमच खिंड चढून पलीकडे उतरणार होत्या. हे त्यांनी मला मागच्या आठवड्यात फोन करून सांगितले होते.

काल बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पत्नीने एप्रन धुवायला घेतला. खिशातली कडी पुढे करून ती म्हणाली, “अहो, हे कसलं वेटोळं?” मी माप लावले. ते चिमट्याच्या दांड्याचे होते. त्या मापाच्या कड्या मी दोनच कापल्या होत्या.

एक दांडा माथ्यात नुसता अडकून होता, हे मला तेव्हा कळले. सपाटीवर तो वर्षभरही टिकला असता. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम दाबले तर तो निघाला असता. पोलाद आधी सांगते हे मी म्हणालो होतो, ते नळीपुरते खरे आहे. कोरडा जोड काही सांगत नाही.

पत्नी म्हणाली, “फोन करा त्यांना. आत्ताच्या आत्ता.” मी केला नाही. का नाही, असे साहेबांनी दोनदा विचारले. पहिले कारण मी असे सांगितले की, त्यांच्या घरी सगळे कारण शोधतच होते, आणि चिमटा कोरडा निघाला असे कळले असते तर ती सायकल कायमची बंद झाली असती. हे कारण खरे आहे. दुसरे कारण असे की माझ्या हातून असे झाले हे मला कोणाला कळू द्यायचे नव्हते. हेही खरे आहे, आणि हेच मोठे होते.

एका हाताने उघडणारे कुलूप मीच त्यांना शोधून दिले होते. त्याची जादा किल्ली त्यांनी विश्वासाने माझ्याकडे ठेवली होती. ती घेऊन मी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कचेरीच्या स्टँडवर गेलो आणि सायकल काढली. ताई साडेपाचला सुटतात. त्याआधी चिमटा बदलून सायकल होती तिथे लावायची, असा माझा बेत होता. कचेरीच्या पहारेकऱ्याने तक्रारीत सांगितले आहे की पांढऱ्या मिशीचा इसम सायकल हाताने ढकलत नेत होता. चोर सायकल मिळाल्यावर ढकलत का नेईल, हे कोडे काल सगळ्या ठाण्याला पडले होते असे समजले. त्याचे उत्तर असे की तो चिमटा कोरडा आहे हे मला माहीत होते आणि मला दात प्रिय आहेत. चार किलोमीटर चालायला एक तास लागला.

सव्वाबारा वाजता चिमटा करवतीने कापला. किनारीला नखाएवढी चांदी होती. आत चांदी नव्हती, तापवण्याआधी जोडाला लावतात तो फ्लक्स नुसता जळून काळी काच झाली होती. तो तुकडा आणि ती कडी सोबत आणली आहे.

नवा चिमटा चार वाजता जोडून झाला, पण तपासला तेव्हा एक दांडा तीन मिलिमीटर बाहेर होता. घाईत झाले. असला चिमटा मी शत्रूलाही देणार नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ताईंचा फोन आला.

त्या म्हणाल्या, “काका, सायकल गेली.” ठाण्यात येण्याआधी त्यांनी मला फोन केला होता. सायकल माझ्यासमोर उलटी टांगलेली होती. मी म्हणालो, “अरेरे.” एवढेच म्हणालो. त्या म्हणाल्या, “घरी सांगितलं. कोणी रागावलं नाही हो. सुटल्यासारखं वाटलं त्यांना.” आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी गॅस बंद केला. मला माझी फार लाज वाटली आणि अजून वाटते.

आज सकाळी सहा वाजता तिसरा चिमटा करायला घेतला. कड्या पत्नीने स्वतः आत बसवल्या आणि प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हटला. मी मान खाली घालून तापवत होतो. साडेनऊला चिमटा बसवून, दोऱ्याने आणि काटकोन मोजायच्या गुण्याने तपासून सायकल उभी केली. रंग द्यायला वेळ नव्हता, म्हणून चिमटा उघडा आहे. साडेदहाला सायकल घेऊन ठाण्यात आलो. येताना ती चालवत आलो. पांढऱ्या मिशीवरून हवालदारसाहेब माझ्याकडेच यायला निघाले होते आणि चपलेत पाय घालत होते.

ताईंना फोन करून बोलावण्यात आले. त्या मिस्टरांसोबत आल्या. वर लिहिलेले सगळे मी त्यांना माझ्या तोंडाने सांगितले. त्यांनी कापलेला तुकडा उजेडाकडे धरून नकाशा पाहतात तसा पाहिला. मग विचारले, “कोणत्या दिवशी राहिली कडी?” मी म्हणालो, “करंगळीच्या दिवशी.” त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला.

त्या म्हणाल्या, “चिमट्याचं मी समजू शकते. मी एकदा नकाशात अख्खी विहीर शेजारच्या शेतात काढली होती. पण तुम्ही अरेरे म्हणालात काका.”

मी म्हणालो, “हो.”

“रात्रभर मला वाटत होतं, संपलं सगळं. आणि सायकल तुमच्याकडे होती.”

मी पुन्हा हो म्हणालो. माफी मागितली. ती त्यांनी लगेच दिली नाही आणि तेच बरोबर होते.

त्यांच्या मिस्टरांनी तो तुकडा उचलला. “हे उताराला निघालं असतं?” असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. “आणि हा नवा धरेल?” मी म्हणालो, धरेल. “कशावरून?” कालपर्यंत मी जुन्याबद्दलही हेच म्हणालो असतो. आता मिस्टर नको म्हणणार असे मला वाटले आणि मी ताईंकडे पाहिले नाही.

ताई म्हणाल्या, “काका, रविवारी खिंडीतून आधी तुम्ही उतरायचं. याच सायकलवरून. मी खाली थांबते. तुम्ही पोचलात की मग मी.”

मी म्हणालो की सीट मला उंच होते, दोन्ही ब्रेक उजवीकडे आहेत आणि मी डावखुरा आहे. त्या म्हणाल्या, “मग कळेल तुम्हाला.” ठाण्यातले सगळे हसले. मिस्टर हसले नाहीत. ते मला म्हणाले, “सायकल वर न्यायला गाडी मी काढतो. दोनदा न्यावी लागेल ना? एकदा तुमच्यासाठी, एकदा हिच्यासाठी.” ताईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी डावा हात सायकलीच्या हँडलवर नेऊन ठेवला.

चोरीची तक्रार नाही, असे ताईंनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. जादा किल्ली मी त्यांना परत केली. ती त्यांनी पर्समध्ये टाकली. ती पुन्हा माझ्याकडे येईल की नाही हे रविवारनंतर पाहू, असे त्या म्हणाल्या.

मी दहा वर्षांत एकही उतार उतरलेलो नाही. खिंडीत सात वळणे आहेत. मला वळणांची भीती वाटते, वाऱ्याची वाटते, आणि खाली ताई उभ्या असतील याची सर्वांत जास्त वाटते. चिमट्याची वाटत नाही. मी कबूल झालो आहे.

हवालदारसाहेबांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही, म्हणून खाली सही करतो. पुढील चौकशीसाठी बोलावल्यास हजर राहीन. मात्र रविवारी सकाळी सात ते दहा मी मिळणार नाही, याची नोंद घ्यावी.